नंतर तपासणे

सकाळी सव्वासातला पत्र आलं.
मी ते उघडलं नव्हतं.
यादीतल्या नावावर नुसतं बोट टेकवलं,
उजवीकडे झलक दिसू लागली
आणि पडद्यावर आपोआप
कॅल्क्युलेटर उघडला,
शून्य दाखवत.

बाहेर तार्तू अजून अंधारात,
एमायगीवर बर्फ धरायचा होता.
कॉफी निवेपर्यंत मी त्या शून्याकडे पाहत बसलो.

पत्र चिलीतून, वाल्दिविया गावाहून.
इग्नासिया नावाची कुणी, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं:
"माफ करा, हेल्दूर. दार लोटून पाहिलं, ते उघडंच होतं.
काही घेतलं नाही. फक्त दिवा लावून दाखवला.
नव्वद दिवस कुणाला सांगणार नाही.
ता. क. तुमचा प्रोग्राम माझे आजोबा वापरतात. त्यांना तो फार आवडतो."

मग उतरलो खाली, बावीस वर्षं जुन्या ओळींत,
तळघरात उतरावं तसा, भिंत चाचपत.

जोडपत्राच्या नावासाठी
मी चौसष्ट अक्षरांची जागा ठेवली होती.
चौसष्ट! तेव्हा ऐसपैस वाटली.
आणि लगेच शेजारी, मधे कूडसुद्धा न घालता,
परतीचा पत्ता:
हातातलं काम संपलं की प्रोग्रामने कुठे परतायचं, तो.

तिने नाव पाठवलं तीनशे अक्षरांचं.
चौसष्ट मावली,
बाकीची सांडली शेजाऱ्याच्या घरात,
आणि तिथला पत्ता पुसून त्यांनी आपला लिहिला.
बिचारा प्रोग्राम.
काम आटपून घरी निघाला
आणि निमूट भलत्याच दारात जाऊन उभा राहिला.

मापात पाप म्हणतात ते दुसऱ्याच्या तराजूकडे बघून.
इथे माप माझं.
ओळीच्या डोक्यावर टीपही माझीच:
"लांबी: नंतर तपासणे."

ती रात्र आठवते.
मारेट सहा दिवसांची, कावीळ झालेली,
निळ्या दिव्याखाली, डोळ्यांवर पट्टी.
मी इस्पितळाच्या बाकावर, मांडीवर लॅपटॉप.
नर्स म्हणाली, चला, आता घेता येईल तिला.
मी "नंतर" लिहिलं आणि उठलो.
तो "नंतर" तिथेच बसून राहिला.
मारेट आता माझ्यापेक्षा उंच आहे.

दुरुस्ती दोन ओळींची.
जेवायच्या आत नवी आवृत्ती तयार,
पण ती घेणार कोण?

सारेमा बेटावरच्या विल्वेला फोन लावला.
गुराढोरांची डॉक्टर, माझी शाळासोबतीण,
पंधरा वर्षांपूर्वीचीच आवृत्ती धरून बसलेली
कारण नव्यात अक्षरं बारीक.
म्हणाली, "अनोळखी पत्रं मी उघडतच नाही."
म्हटलं, उघडावी लागत नाहीत.
ती थांबली. मागे कुठली तरी मेंढी खोकली.
"न उघडता? मग लिफाफा असतो कशाला?"

याचं उत्तर फोनवर देता येईना.
खिशात पेनड्राइव्ह टाकून व्हिर्त्सूची फेरी गाठली.

तिच्या टेबलावर खूर कापायची कात्री, आयोडीन,
पडद्यावर अकरा हजार न वाचलेली पत्रं.
एडक्याचा पाय दोन्ही गुडघ्यांत धरून ती बांधत होती,
माझ्याकडे पाठ.
हिरवी पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली.
"झालं?"
झालं.
"अक्षरं?"
मोठी केलीत.
"मग इतकी वर्षं का नाही केलीस?"

परतताना डेकवर वारा फार. बोटं वाकत नव्हती.
तरी इग्नासियाला लिहायला घेतलं:
आभार, श्रेयनामावलीत तुमचं नाव कसं लिहू, वगैरे.
मग ते सगळं खोडलं
आणि एवढंच विचारलं,
आजोबांकडे कुठली आवृत्ती आहे?

पाठवा दाबलं तेव्हा किनारा संपला होता.
चक्र फिरत राहिलं.
समोरच्या बाकावरच्या बाईने थर्मास पुढे केला.
तिला वाटलं, मी गारठलोय.